समुद्राचं कूळ

बारा देशांच्या बारा बाटल्या काचेच्या एका कपाटात शेजारी शेजारी उभ्या होत्या, आणि पहिली कोणाची उघडायची यावर बारा देशांची शहाणीसुरती माणसं आठवडाभर भांडत होती. बाटल्यांत होतं काय, तर समुद्राचं पाणी. ज्याने त्याने आपापल्या बंदरातून भरून आणलेलं, मोहोरबंद केलेलं, दिसायला सगळं सारखंच. पण चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते उगीच नाही. आपलं पाणी चोर की साव, याची एकालाही खात्री नव्हती, म्हणून प्रत्येक जण शेजाऱ्याला मोठ्या अगत्याने सांगत होता, ‘आधी तुम्ही.’

ही परिषद भरली होती मोंबासाला, आणि तिला कारण झाला होता अंगठ्याच्या नखाएवढा एक शिंपला. त्याचं शास्त्रीय नाव भलंमोठं आहे, ते सोडा. कोकणात त्याला ‘चिकटी’ म्हणू लागले होते, कारण ती एकदा खडकाला, जाळ्याला, होडीच्या बुडाला चिकटली की निघायचं नाव घेत नाही. खाडीच्या चिखलावर तिची सतरंजी पसरते आणि खाली तिसऱ्या, कालवं असले खायचे शिंपले गुदमरून मरतात. अरबी समुद्राच्या दोन्ही काठांवर तिने गेल्या काही वर्षांत नुसता उच्छाद मांडला होता. ती काही पोहत आली नव्हती, जहाजांनी आणली. रिकामं जहाज समुद्रात डुचमळतं, म्हणून निघताना ते पोटात तिथल्याच बंदराचं पाणी भरून घेतं आणि पोचल्यावर, माल चढवायच्या आधी, ओतून टाकतं. त्या पाण्यात चिकटीची डोळ्यांना न दिसणारी पिल्लं फुकटात प्रवास करतात. हे पाणी यंत्रातून शुद्ध करूनच सोडायचं असा कायदा आहे, पण शुद्ध करायला वेळ लागतो आणि वेळ कोणालाच नसतो.

कराराचा मसुदा तयार होता आणि वाचायला फार सोपा होता. ज्या बंदरातून चिकटी सगळीकडे पसरली असं सिद्ध होईल, ते बंदर पाच वर्षं जहाजांना बंद. एवढंच. आणि ते सिद्ध करणारं यंत्रही आता हाताशी आलं होतं. अडलं होतं ते फक्त बाटल्यांपाशी.

भारताच्या शिष्टमंडळात दोनच माणसं आपल्या कामाची. एक श्रीनिवास बर्वे, शिष्टमंडळाचे प्रमुख, परराष्ट्र खात्यात उभी हयात काढलेले, मूळचे पुण्याचे, आणि तसे दिसणारेही. दुसरी डॉ. प्रणिता धुरी, शास्त्रीय सल्लागार. पणजीजवळच्या एका प्रयोगशाळेत समुद्रातले जीव मोजणं हा तिचा धंदा. स्वभावाने ही बाई महाचौकस. लहानपणी आजोबांचं होकायंत्र तिने खोलून ठेवलं होतं. सुई कुठे वळते ते सगळ्यांना दिसतंच, ती का वळते ते तिला बघायचं होतं. आजोबांची होडी त्या दिवशी किनाऱ्यालाच राहिली आणि हिने मार खाल्ला, पण खोड गेली नाही.

भारताची बाटली होती तारकोंड बंदराची, आणि तारकोंड हे प्रणिताचं माहेर. सिंधुदुर्गातलं हे नवं बंदर दिल्लीने मुद्दामच निवडलं होतं. धक्क्याजवळचं पाणी तिथे औषध मारून निर्जंतुक ठेवतात, तेव्हा बाटली कोरी निघेल, अशी अटकळ. बाटली भरली होती प्रणिताच्या थोरल्या भावाने, गुरुनाथने. तो बंदरावरच्या टगचा सारंग, म्हणजे कप्तान, होता. टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी छोटी, दणकट बोट. बंदर आल्यापासून तारकोंडातल्या घराघरात कोणी ना कोणी तिथे कामाला होतं. चिकटीने खाडी खाल्ल्यावर तर दुसरं काही उरलंही नव्हतं. गुरुनाथच्या बायकोने, म्हणजे प्रणिताच्या वहिनीने, तिसऱ्या काढायची टोपली पोटमाळ्यावर टाकली होती. पाच वर्षं बंदर बंद म्हणजे गावाने खायचं काय, हा प्रश्न प्रणिताच्या पोटात पहिल्या दिवसापासून होता. पण बाटली कोरी निघणार असं सगळेच म्हणत होते, म्हणून ती जेवत-खात होती.

“नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात,” बर्वे चहाच्या सुट्टीत म्हणाले. “आता त्यात समुद्र घालायची वेळ आलीय. तुमच्या त्या नाकामुळे.”

यंत्राला सगळे ‘नाक’च म्हणत. शिवणयंत्राच्या पेटीएवढं होतं ते, आणि प्रत्येक शिष्टमंडळाकडे एकेक दिलेलं होतं.

“नाकाचा काय दोष, सर?” प्रणिता म्हणाली. “तुमच्या मसुद्याचा आहे. जो खरं बोलेल त्याला फाशी, असं लिहिल्यावर कोण तोंड उघडेल?”

“मसुदा मी नाही लिहिला. मी असतो तर आणखी वाईट लिहिला असता.” बर्व्यांनी बिस्किट चहात बुडवलं. “ऐका. सगळ्यांना चिकटी जायला हवीय. पण त्याहून जास्त, ती शेजाऱ्याकडून आलीय हे सिद्ध व्हायला हवंय. दोन दिवसांत परिषद संपेल, बाटल्या ज्याच्या त्याच्याकडे परत जातील, आणि पुढच्या वर्षी आपण दुसऱ्या एखाद्या चांगल्या हवेच्या गावी भेटू.”

“आणि चिकटी?”

“ती तर येणारच. तिला निमंत्रण लागत नाही.”

त्या परिषदेत प्रणिताची एकच मैत्रीण झाली होती. केनियाची म्वानाइशा. लामूच्या बाजूच्या एका बेटावर वाढलेली, पन्नाशीची, धिप्पाड, आणि जीवशास्त्राच्या गप्पा निघाल्या की जेवण विसरणारी. तिच्या बेटावरच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या कालवं काढून घर चालवत. आता तिथेही चिकटीची सतरंजी. दुपारच्या सुट्टीत दोघी समुद्राच्या कठड्यावर बसून भाजलेला कसावा, म्हणजे साबुदाण्याचा कंद, खात होत्या, वरून मीठ, तिखट आणि लिंबू. अगदी आपल्याकडचं भाजलेलं कणीस खावं तसा.

“तू बघितलंस?” म्वानाइशाने मध्येच विचारलं.

“काय?”

“उगीच साधेपणाचं सोंग आणू नकोस. तुझी जोडकुपी.”

प्रत्येक बाटलीबरोबर त्याच पाण्याची एक छोटी कुपी राखायची होती, पुढे वाद झालाच तर ताडून बघायला. तिलाही हात लावायचा नाही असं ठरलं होतं. प्रणिताने मान हलवली. तिने खरंच बघितलं नव्हतं, आणि ते न बघणं तिला फार जड जात होतं.

“मी बघितलं,” म्वानाइशा म्हणाली. “खोलीत नाक ठेवलेलं आणि शेजारी कुपी. मला काय दगडाचं मन आहे? चिकटीची तीन घराणी निघाली. तीन म्हणजे फार नाहीत. आम्ही मूळ नाही. पण हे मी माझ्या मंत्र्यांना सांगू शकत नाही, कारण ते विचारतील तुला कसं कळलं.” आणि ती खदाखदा हसली.

आता एवढं ऐकल्यावर प्रणिता कुठली थांबायला. अर्ध्या तासात ती आपल्या खोलीत होती.

नाक काय करतं ते इथे सांगायला हवं. पाण्यात राहणारा प्रत्येक जीव आपले कण पाण्यात सांडत असतो. खवल्याचा कपटा, कातडीचा पापुद्रा, विष्ठा, काहीबाही. त्या कणांत त्याचा डीएनए असतो. नाक चमचाभर पाणी घेतं, त्यातले डीएनएचे धागे वेगळे करतं आणि वाचून काढतं. जीव प्रत्यक्ष सापडायला नको, त्याची सांडलवंड पुरे. पूर्वी या कामाला मोठी प्रयोगशाळा आणि कित्येक आठवडे लागत. आता चहा निवेपर्यंत होतं. खरी गंमत पुढेच आहे. डीएनएची नक्कल होताना बारीक चुका होतात, आणि त्या चुका पुढच्या पिढीत जशाच्या तशा उतरतात. कोणाच्या चुका कोणाशी जुळतात ते बघितलं की कोण कोणाच्या घरातलं ते कळतं. कोकणातलं कुठलंही आडनाव घ्या. मूळ गावी त्या आडनावाची दहा-बारा घराणी नांदत असतात. पोटासाठी बाहेर पडतात ते त्यातले एखाद-दुसरे, म्हणून नव्या गावात घराणी एक-दोनच सापडतात. चिकटीचंही तसंच. जिथे घराणी जास्त, ते मूळ गाव. कोऱ्या पाण्यात अर्थातच शून्य.

नाक तारकोंडच्या कुपीतलं चमचाभर पाणी प्यायलं, थोडा वेळ घुरघुरलं, आणि पडद्यावर आकडा आला. अकरा.

प्रणिताने पुन्हा पाणी घातलं. पुन्हा अकरा. औषध मारलेल्या पाण्यात चिकटीचं एकही घराणं सापडायला नको, आणि इथे तर अख्खी भावकी हजर होती. घाबरण्याच्याही आधी तिला प्रश्न पडला, हे असं झालं कसं? तिने गुरुनाथला फोन लावला.

“दादा, बाटली खंयसून भरलंस?”

“म्हणजे? बंदरातसून.”

“धक्क्यावरसून मां?”

गुरुनाथ जरा घुटमळला. “धक्क्यावरचा नाय. थंय तेल तरंगता, औषधाचो वास मारता. गावाच्या नावान पाणी परदेशात जातला, ता घाणेरडा कसा धाडू? देवाच्या खडपाकडसून भरलंय. एकदम निवळ.”

प्रणिताने कपाळाला हात लावला. पण तिला राग येईना, कारण तारकोंडातल्या कुठल्याही माणसाने हेच केलं असतं. देवाचं खडप म्हणजे रवळनाथाच्या देवळाखालचा खडक, बंदराच्या भिंतीबाहेरचा. गावात कोणाचीही नवी होडी आली की ती आधी या खडपासमोर थांबते, होडीवरून देवाला नारळ फुटतो, आणि मगच ती किनाऱ्याला लागते. बंदरासाठी जमिनी देताना गावाने एकच अट हट्टाने घालून घेतली होती. जहाज केवढंही असो, कुठल्याही देशाचं असो, आधी देवाकडे थांबणार. परदेशी कप्तान गंमत म्हणून फोटो काढत. नारळ टगवरून गुरुनाथच फोडायचा.

“दादा,” प्रणिता सावकाश म्हणाली, “जहाज देवाकडे थांबता तेव्हा काय करता?”

“काय करतला? उभा रवता. पोटातला पाणी सोडता. दोन्ही बाजूंनी असो धबधबो पडता, बघण्यासारखो. म्हाताऱ्यो हात जोडतत. म्हणतत, जहाजान देवाक अभिषेक केल्यान.”

आता सगळं लख्ख दिसलं. पाणी तपासणाऱ्यांची हद्द बंदराच्या भिंतीपासून सुरू होते. खडप त्या हद्दीबाहेर. कप्तानांना आयतीच जागा मिळाली, जिथे थांबणं सक्तीचं आणि विचारणारं कोणी नाही. बंदर झाल्यापासून जगभरचं पाणी रवळनाथाच्या पायाशी ओतलं जात होतं, आणि गाव हात जोडून उभं होतं.

तिने भावाला ते सांगितलं. जमेल तेवढं हळुवार सांगितलं, पण अशी गोष्ट हळुवार कशी सांगणार? मसुद्यातली पाच वर्षंही सांगितली.

गुरुनाथने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तुका बघूक कोणी सांगितलेला?”

“दादा...”

“बाटली बंद होती मां? बंदच रवली असती. लहानपणापासून ही तुझी खोड. सगळा कळाक होया तुका. आणि भोगूचा कोणी? गावान. सगळ्या जगाची जहाजा थंय थांबतत, आणि दोष आमच्या देवाक.” त्याचा आवाज चिरकला, आणि त्याने फोन ठेवून दिला.

प्रणिताला रडू कोसळलं. बापाच्या मागे या भावानेच तिला शिकवलं होतं. त्याचं चुकलं काय, तर गावाच्या नावाला चांगलं पाणी धाडलं. आणि तिचं चुकलं काय, तर तिने बघितलं. तिने तोंड धुतलं, खुर्चीवर बसली, पण डोक्यात भावाचं एक वाक्य कुसळासारखं टोचत राहिलं. सगळ्या जगाची जहाजं तिथे थांबतात.

थांबतात खरी. मग अकरा घराणी निघाली ती तारकोंड हे मूळ गाव म्हणून, की सगळ्यांनी आपापलं घराणं तिथे आणून सोडलं म्हणून? रवळनाथाच्या जत्रेच्या दिवशी तारकोंडात उभं राहून आडनावं मोजली, तर कोणालाही वाटेल की अख्ख्या सिंधुदुर्गाचं मूळ गाव हेच. मूळ गावातही घराणी जास्त आणि जत्रेतही जास्त. आकडा दोन्हीकडे सारखाच. फरक एकच. जत्रेला आलेल्या माणसाचं घर दुसऱ्या एखाद्या गावात सापडतं. पण ते शोधायचं तर त्या गावात जाऊन बघावं लागतं. म्हणजे इथे, दुसऱ्यांच्या बाटल्या उघडाव्या लागतात.

रडणं केव्हा थांबलं ते तिलाही कळलं नाही. ती तशीच उठून बर्व्यांकडे गेली.

बर्वे हॉटेलच्या हिरवळीवर वर्तमानपत्र वाचत होते. “मी कुपी उघडली,” प्रणिता म्हणाली.

“मी हे ऐकलेलं नाही.”

“अकरा घराणी निघाली.”

“हेही ऐकलेलं नाही.” बर्व्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “अकरा?”

तिने सगळं सांगितलं. खडप, अभिषेक, मूळ गाव आणि जत्रा. शेवटी बर्व्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला.

“म्हणजे आपल्याला दोषी ठरवायचं असेल तरी त्यांना आपापली बाटली उघडावी लागेल?”

“हो.”

“आणि निर्दोष ठरवायचं असेल तरी?”

“तरीही.”

“वा.” बर्व्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू दिसलं. “इतकं सुंदर कोडं मला कधी कोणी आणून दिलं नव्हतं. पण दिल्लीची सूचना स्पष्ट आहे, आपली बाटली पहिली उघडायची नाही. मी नोकरमाणूस आहे.” त्यांनी थोडा विचार केला. “उद्या सकाळी सभागृहात नाकाचं प्रात्यक्षिक आहे ना तुमचं? गाळीव पाणी घालून?”

“हो.”

“त्यात कुठलं पाणी घालायचं याबद्दल मात्र दिल्लीने काहीच कळवलेलं नाही.”

बर्व्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली. मग बर्वे वेगळ्याच, मऊ आवाजात म्हणाले, “हे बघा, मी सांगतोय म्हणून करू नका. गाव तुमचं आहे. जत्रा निघाली तर ठीक. पण मूळ गाव निघालं तर पाच वर्षं, आणि तुमच्या भावाला तोंड तुम्हाला दाखवायचंय, मला नाही. काय निघेल असं वाटतं?”

“मला माहीत नाही, सर.”

“आणि तरी?”

“नाही उघडली तरी जहाजं परवाही तिथे थांबतीलच. पाणी ओततील. खाडी अर्धी मेलीय, उरलेली मरेल, आणि आम्ही हात जोडून उभे राहू. आणि खरं सांगू? मला कळायलाच हवंय.”

“तीस वर्षं हे काम करतोय मी,” बर्वे म्हणाले, “पण ‘मला माहीत नाही’ म्हणून पुढे जाणारं माणूस पहिल्यांदाच बघतोय.”

दुसऱ्या दिवशी सभागृह अर्धं झोपेत होतं. यंत्राचं प्रात्यक्षिक कोण मन लावून बघतो? प्रणिताने व्यासपीठावर नाक मांडलं, पर्समधून कुपी काढली आणि वरची चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी धरली. “हे तारकोंड बंदराचं पाणी आहे,” ती म्हणाली. “भारताचं.” तेव्हा लोक जागे झाले. अध्यक्षांनी काही म्हणायला तोंड उघडलं, पण चमचा नाकात गेला होता.

मोठ्या पडद्यावर अकरा घराण्यांचं झाड उमटलं आणि एकदम गलका झाला. आखाताकडचा एक प्रतिनिधी उभा राहून म्हणाला, “सापडलं मूळ. आता मतदान घ्या.” चार-पाच जणांनी बाकं वाजवली. आठवडाभर ज्यांच्या तोंडावर शंकेची छाया होती, ते सगळे आता सुटल्यासारखे दिसत होते. प्रणिताने म्वानाइशाकडे बघितलं. तिची मान ताठ झाली होती.

“म्हणजे ती आमच्याकडे तुमच्याकडून आली,” म्वानाइशा म्हणाली. ती मोठ्याने बोलली नव्हती, तरी सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं. “मी तुझ्याबरोबर बसून जेवले.”

“आली असेल,” प्रणिता म्हणाली. “किंवा तुमच्याकडून आमच्याकडे आली असेल. तारकोंडात सगळ्यांची जहाजं थांबतात. घराणी जास्त आहेत म्हणजे ते मूळ गाव असेल, नाहीतर नुसती जत्रेची जागा असेल. एकट्या या कुपीवरून ते सांगता येत नाही. आम्हाला पाच वर्षं शिक्षा करायची तर जरूर करा. पण ही अकरा घराणी तुमच्यापैकी कोणाच्या घरची नाहीत, हे आधी बघा.”

“बघायचं कसं?” अध्यक्षांनी विचारलं.

“कपाटात आहे ना सगळं.”

कोणी हललं नाही. आखाताकडचा प्रतिनिधी खाली बसला. बर्वे छताकडे बघत होते, जणू काही हा कार्यक्रम दुसऱ्याच कुठल्या देशाचा चालू आहे. म्वानाइशाच्या शेजारी तिचे मंत्री बसले होते. त्यांनी तिचा कोपरा धरला आणि मान हलवली, नाही. म्वानाइशाने त्यांच्याकडे बघितलं, मग पडद्यावरच्या त्या झाडाकडे बघितलं, आणि प्रणिताला तिच्या डोळ्यांत ओळखीची चुळबुळ दिसली.

“माफ करा साहेब,” म्वानाइशा म्हणाली. “मला बघायचंच आहे.” आणि ती आपली कुपी घेऊन व्यासपीठावर आली.

तिची तीन घराणी पडद्यावर अकरांच्या शेजारी उमटली, आणि झाडांच्या फांद्या एकमेकींना जुळू लागल्या. एक घराणं लामूकडून तारकोंडला आलेलं निघालं. लामूच्या पाण्यात त्याच्या फक्त जुन्या चुका होत्या, तारकोंडच्या पाण्यात त्याच जुन्या आणि वर नंतरच्या. दुसरं उलट, तारकोंडहून लामूला गेलेलं. तिसऱ्याचं मूळ दोन्हीकडे नव्हतं, ते आणखी कुठून तरी आलं असणार. आता ते कुठून, हे कोणाला कळायला नको? लहानसा एक बेटांचा देश, ज्याचा प्रतिनिधी आठवडाभर अवाक्षर बोलला नव्हता, त्याच्या शास्त्रज्ञाने उठून आपली कुपी आणली. मग एकामागोमाग एक. शास्त्रज्ञ पुढे आणि त्यांचे मुत्सद्दी मागून धावतायत, असा तो देखावा होता. एकूण दहा देशांच्या कुप्या उघडल्या. दोन देशांनी शेवटपर्यंत उघडल्या नाहीत, आणि त्यांनी का उघडल्या नाहीत हे आता सगळ्यांनाच समजत होतं.

मूळ गाव असं निघालंच नाही. तारकोंडच्या अकरांपैकी आठ घराणी बाहेरून आलेली होती, वेगवेगळ्या देशांच्या घरची. तीन कोणाशीच जुळली नाहीत. आणि त्या आठांतली चार घराणी तारकोंडहून पुढे दुसऱ्यांच्या बंदरांत गेली होती. प्रत्येकाने घेतलं होतं आणि प्रत्येकाने दिलं होतं. ‘ज्या बंदरातून चिकटी पसरली’ हे कलम मग उरलंच कशाला? ते खोडलं गेलं. त्याच्या जागी आलं ते असं की जिथे जहाजं गर्दी करून थांबतात, तिथे पाण्याचा थेंब सोडायचा नाही, त्या जागा सगळ्यांनी मिळून आधी साफ करायच्या, आणि साफ होईपर्यंत तिथे जहाज न्यायचं नाही. अशा जागांत पहिली जागा तारकोंड. दोन पावसाळे जाईपर्यंत बंद.

“शिक्षा नाही,” बर्वे निघताना म्हणाले. “पण बंद ते बंदच. मला जास्त काही करता आलं नाही.” त्यांना खरंच वाईट वाटत होतं. म्वानाइशाने जाताना प्रणिताचा हात दाबला.

प्रणिता खोलीत येऊन फोन हातात घेऊन बसून राहिली. आपण भावाचं काम बंद पाडलं, गावाचं पाडलं, ही गोष्ट तिला कुठल्याही झाडाच्या फांद्यांनी विसरता येत नव्हती. शेवटी तिने फोन लावला. गुरुनाथने पहिल्याच घंटेला उचलला.

“दोन पावसाळे,” ती म्हणाली.

“आयकलंय.”

“मूळ गाव नाय, दादा. जत्रा. आठ घराणी भायली. तीनांचा अजून कळूक नाय.”

“आणि आमच्याकडसून खंय गेली?” गुरुनाथने विचारलं.

हा प्रश्न येईल असं तिने धरलं नव्हतं. “गेली,” ती म्हणाली. “चार गेली. त्यातला एक माझ्या मैत्रिणीच्या बेटार. तिच्या बायकांची कालवां मेली.”

गुरुनाथच्या मागे समुद्राचा आवाज येत होता. तो टगवरच होता म्हणजे.

“मी येतंय,” प्रणिता म्हणाली. “गाव देवळात जमवा. मी उभी रवान सांगतंय सगळ्यांका.”

“तू येव नको सांगूक. तू बोललंस तर ते तुका भायली म्हणतले, लग्न होऊन गेलेली, शिकलेली. बाटली मी भरलंय. नारळ मी फोडलंय. मीच सांगतलंय.” त्याच्या आवाजात कालचा राग नव्हता. होतं ते थकलेपण, आणि त्याखाली आणखी काहीतरी, जे तिने भावाच्या आवाजात आजवर कधी ऐकलं नव्हतं. “पण माकाच कळला नाय तर मी काय सांगू? लोक इचारतले. सुरवातीपासून सांग. चमचाभर पाण्यात कूळ दिसता कसा?”

प्रणिताने पदराने डोळे पुसले. “खंय बसलंस मरे?” तिने विचारलं.

“बसलंय. सांग तू.”

मग ती त्याला सांगू लागली.